तेच गणित, तीच बटणं, उत्तर मात्र वेगळं

पाण्याच्या टाकीपासून ४० मीटरवर उभं राहून टाकीच्या माथ्याकडे पाहिलं. नजरेचा उन्नत कोन ३५ अंश. डोळ्याची उंची सोडून देऊ. टाकी किती उंच? दहावीतलं साधं गणित आहे: ४० गुणिले टॅन ३५. माझ्या वर्गातल्या एका मुलीला उत्तर आलं २८.००८ मीटर, तिच्या शेजारच्या मुलाला आलं १८.९५३ मीटर. दोघांनी बटणं तीच दाबली होती, दोन्ही यंत्रं धडधाकट होती.

या चुकीत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या उत्तराच्या साळसूदपणाची. एकोणीस मीटरची टाकी अगदी शक्य कोटीतली. उत्तर उणे आलं असतं किंवा टाकी चार हजार मीटर उंच निघाली असती, तर त्या मुलानं लगेच कपाळावर हात मारून घेतला असता. १८.९५३ पाहून त्यानं शांतपणे पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. त्याचं यंत्र कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या मापात धरत होतं, एवढीच गोष्ट.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे आलेखही काढून दाखवणारं यंत्र, लागणाऱ्या परीक्षांची मी तयारी करून घेते, आणि दर वर्षी हे कुठल्या ना कुठल्या रूपात पाहते. आपल्याकडे बारावीपर्यंत कॅल्क्युलेटरच फारसा भेटत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत लॉगच्या तक्त्यांवर भागतं, जेईईला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. मग एकदम इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कॅसिओचं एफएक्स-९९१ हे ग्राफ न काढणारं सायंटिफिक यंत्र हातात येतं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांना गणितासाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेतच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८४ भेटतं. या टीआय-८४ प्लसवरूनच मी पुढचं सांगते, कारण त्याच्या बहुतेक सगळ्या किल्ल्या 'मोड' बटणामागच्या एकाच पडद्यावर दिसतात.

त्या पडद्यावर आठ-दहा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत दोन-चार पर्याय. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, आणि घोळ नेमका तिथे होतो. कारण त्यांत दोन वेगळ्या जाती मिसळलेल्या आहेत. घड्याळात १८:३० दिसलं काय किंवा संध्याकाळचे साडेसहा दिसले काय, वेळ एकच. पण घड्याळ दुबईच्या वेळेला लावलेलं असेल तर दादरची लोकल चुकेल. मोडच्या पडद्यावरच्या काही ओळी पहिल्या प्रकारच्या आहेत: त्या फक्त संख्या कशी लिहून दाखवायची ते ठरवतात. काही ओळी दुसऱ्या प्रकारच्या: त्या हिशोबच बदलतात. कुठली ओळ कुठल्या जातीची हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

एक बारीक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बाणाच्या बटणांनी कर्सर 'डिग्री'वर नेला म्हणजे डिग्री निवडलं गेलं असं नाही. तिथे एंटर दाबावं लागतं. कर्सर तिथे नेऊन, तो लुकलुकताना पाहून समाधानानं बाहेर पडलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. एंटर दाबा, मग सेकंड आणि मोड ही बटणं दाबून बाहेर या.

संख्या दिसते कशी

पहिल्या ओळीत तीन पर्याय: नॉर्मल, सायंटिफिक, इंजिनिअरिंग. पडद्यावर मागच्या दोघांची पहिली तीन-तीन अक्षरंच असतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ही संख्या नॉर्मलमध्ये ११२३७४३३३ अशी सलग दिसते. लाख-कोटींचे स्वल्पविराम यंत्राला ठाऊक नाहीत, ते आपणच मनात द्यायचे. सायंटिफिकमध्ये ती १.१२३७४३३३ई८ होते. हा छोटा इंग्रजी ई म्हणजे 'गुणिले दहाचा इतकावा घात'. म्हणजे १.१२३७४३३३ गुणिले १० चा आठवा घात. इंजिनिअरिंगमध्ये तीच संख्या ११२.३७४३३३ई६ अशी दिसते, कारण तिथे घातांक नेहमी तीनच्या पटीतच ठेवतात.

तीनच का? कारण किलो, मेगा, गिगा, मिली, मायक्रो, नॅनो हे सगळे तीन-तीन घरांनी पुढे-मागे सरकतात. ०.००००२२ फॅरडचा कपॅसिटर सायंटिफिकमध्ये २.२ई-५ दिसतो, आणि मग पाचव्या घराला काय म्हणतात ते कोणालाच आठवत नाही. इंजिनिअरिंगमध्ये तो २२ई-६ दिसतो, म्हणजे २२ मायक्रोफॅरड, जे कपॅसिटरच्या अंगावर छापलेलं असतं तेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी हा पर्याय लावून ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या लाख-कोटींना मात्र याचा उपयोग नाही. लाख पाचव्या घरावर आणि कोटी सातव्यावर, आपली गिनती हजारानंतर दोन-दोन घरं चालते.

यंत्रांवर या निवडींची सोय आली कधी, हेही सांगण्यासारखं आहे. ह्यूलेट-पॅकार्डचं एचपी-३५ हे खिशात मावणारं पहिलं सायंटिफिक यंत्र १९७२ साली आलं. त्यात कोन फक्त अंशांत चालायचे, निवड नव्हतीच. पुढच्याच वर्षी एचपी-४५ आलं आणि अंश, रेडियन, ग्रेडियन यांतून निवडायची सोय झाली. इंजिनिअरिंग पद्धत १९७५ च्या एचपी-२५ मध्ये आली. ग्राफ काढणारं पहिलं यंत्र, कॅसिओचं एफएक्स-७०००जी, १९८५ चं. म्हणजे आजच्या मोडच्या पडद्यावरचा बराचसा मजकूर पन्नास वर्षांचा आहे.

नॉर्मल लावलेलं असतानाही यंत्र कधीकधी स्वतःहून ई दाखवतं. टीआय-८४ वर उत्तर दहा अंकांत मावत नसेल, किंवा ०.००१ पेक्षा लहान असेल, तर ते आपोआप सायंटिफिकमध्ये जातं. १ भागिले २००० करून पाहा, ०.०००५ ऐवजी ५ई-४ येईल. घाईत नजर ५ वर थांबते, शेवटचा ई-४ सुटतो आणि वहीत उत्तर पडतं पाच. म्हणून उत्तर वाचताना आधी ओळीचं शेपूट बघायची सवय लावून घ्या. आणखी एक, टीआय-८४ दशांश चिन्हाआधीचं शून्य लिहीत नाही. ०.५ तिथे .५ असं दिसतं, आणि तो बारीक ठिपकाही नजरेतून सुटू शकतो.

कॅसिओवाल्यांसाठी इथे एक चांगली किल्ली आहे. एफएक्स-९९१ईएस वर नॉर्म १ आणि नॉर्म २ असे दोन प्रकार मिळतात. नॉर्म १ मध्ये ०.०१ पेक्षा लहान संख्या लगेच घातांकात जाते, त्यामुळे १ भागिले २०० चं दशांश उत्तर ५ गुणिले १० चा उणे तिसरा घात असं येतं. नॉर्म २ केलं की सरळ ०.००५. शिफ्ट, मोड, मग ८, मग २. यंत्र नवंकोरं असतं तेव्हा नॉर्म १ वर असतं.

हा ई आपल्यालाही टाइप करता येतो, आणि करावाच. टीआय-८४ वर सेकंड आणि स्वल्पविरामाचं बटण. कॅसिओवर त्यासाठी 'गुणिले दहाचा घात' असं वेगळं बटणच दिलेलं आहे. समजा ६००० ला २००० नं भागायचंय आणि दोन्ही संख्या घातांकात लिहायच्या आहेत. ६ई३ भागिले २ई३ टाइप केलं की ३ येतं. पण ६ गुणिले १० चा घात ३, भागिले २ गुणिले १० चा घात ३, असं सुटं सुटं टाइप केलं तर उत्तर येतं ३०,००,०००. यंत्र डावीकडून उजवीकडे चालतं: सहा हजारांना दोननं भागलं, आणि आलेल्या तीन हजारांना पुन्हा हजारानं गुणलं. ई वापरला की ती सगळी एकच संख्या असते, तिचे तुकडे होत नाहीत. भौतिकशास्त्रात प्लँकचा स्थिरांक किंवा इलेक्ट्रॉनचा भार घेऊन भागाकार करताना याचा फटका सर्वात जास्त बसतो.

दशांश स्थळं, आणि यंत्राच्या मनातली संख्या

दुसऱ्या ओळीत 'फ्लोट' आणि त्यापुढे ० ते ९ आकडे. फ्लोट म्हणजे लागतील तेवढे अंक दाखव, जास्तीत जास्त दहा. २ निवडलं तर प्रत्येक उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत.

इथे लोकांचा एक पक्का गैरसमज असतो: दोन स्थळं निवडली की यंत्र दोन स्थळांतच हिशोब करतं. तसं होत नाही. टीआय-८४ आतमध्ये १४ अंकांपर्यंत संख्या सांभाळतं, पडद्यावर काहीही दिसत असो. दोन स्थळं लावून २ भागिले ३ करा, .६७ दिसेल. लगेच गुणिले ३ दाबा. २.०० येईल, २.०१ नाही. कारण गुणाकार .६७ चा झाला नाही, मनातल्या ०.६६६६... चा झाला. पण तेच .६७ तुम्ही वहीत उतरवलंत आणि पुढच्या पायरीला स्वतः टाइप केलंत, तर २.०१ येणारच. चूक यंत्रात नाही, वहीतून परत यंत्रात जाण्याच्या वाटेत आहे.

शंभरातला एखादा पैसा इकडे-तिकडे, त्यानं काय होतं? घराच्या कर्जाचं उदाहरण घेऊ. २० लाख रुपये, २० वर्षं, वर्षाला ९ टक्के. महिन्याचा दर ९ भागिले १२००, म्हणजे ०.००७५. यंत्र दोन स्थळांवर लावलेलं असेल तर पडद्यावर दिसेल .०१. कोणी ते .०१ उतरवून घेतलं आणि हप्त्याच्या सूत्रात घातलं, तर हप्ता येतो सुमारे २२,०२२ रुपये. खरा हप्ता सुमारे १७,९९५. महिन्याला चार हजारांहून जास्त फरक, कारण ९ टक्क्यांचं कर्ज कागदावर १२ टक्क्यांचं झालं. आणि पुन्हा तेच: २२ हजारांचा हप्ता पाहून कोणालाही शंका येत नाही.

म्हणून मधल्या पायरीचं उत्तर कधीही पडद्यावरून उतरवून परत टाइप करू नका. 'आन्सर' बटण वापरा, किंवा 'स्टो' बटणानं ती संख्या एखाद्या अक्षरात साठवा. स्थळं कमी करायची ती शेवटच्या ओळीला. आणि खरंच ठरावीक स्थळांपर्यंत राउंड केलेल्या संख्येनंच पुढे जायचं असेल, बिलाची रक्कम पैशांपर्यंत पक्की करायची असेल, तर त्यासाठी टीआय-८४ वर मॅथ मेनूत 'राउंड' आहे आणि कॅसिओवर शिफ्ट-शून्यावर. ते मनातली संख्याच बदलतात. मोडची ओळ ती बदलत नाही.

आयबीच्या मुलांना मी एक युक्ती सांगते. तिथे वेगळं काही सांगितलेलं नसेल तर उत्तर तीन सार्थ अंकांत मागतात. सायंटिफिक आणि २ स्थळं एकत्र लावा: एक अंक चिन्हाआधी, दोन नंतर, नेमके तीन सार्थ अंक. आपल्या टाकीची उंची २.८०ई१ दिसते, म्हणजे २८.०. ते शेवटचं शून्य लिहायचं की नाही, हा वादही तिथेच मिटतो.

अपूर्णांकाबद्दल थोडक्यात. उत्तर .३७५ आलं आणि अपूर्णांक हवा असेल तर टीआय-८४ वर मॅथ मेनूतला पहिलाच पर्याय, 'फ्रॅक', दाबा, ३/८ मिळेल. कॅसिओ एफएक्स-९९१ईएस वर एस-डीचं बटण उत्तर अपूर्णांकातून दशांशात आणि परत उलटं नेतं. इथेही फक्त दिसणं बदलतं.

कोन: इथे हिशोब बदलतो

आता दुसऱ्या जातीकडे. रेडियन की डिग्री ही ओळ दिसायला इतर ओळींसारखीच आहे, पण काम तिचं अगदी वेगळं. साइन, कॉस, टॅन यांना तुम्ही दिलेला आकडा कुठल्या मापाचा समजायचा, हे ती ठरवते. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. त्यामुळे रेडियनमध्ये 'टॅन ३५' म्हणजे ३५ रेडियनांचा टॅन: वर्तुळाला साडेपाच फेऱ्या मारून, वर थोडं पुढे गेलेला कोन. त्याचा टॅन ०.४७३८, तर ३५ अंशांचा ०.७००२. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत.

मग सरळ कायमचं डिग्रीवर ठेवून का देत नाही, असं मुलं विचारतात. त्रिकोण, उंची-अंतरं, दिशा, बल यांच्यासाठी ठेवा की. पण कॅल्क्युलसला हात घातला की अंश चालत नाहीत. साइनच्या वक्राचा शून्यापाशी चढ १ असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. टीआय-८४ ला रेडियनमध्ये हा चढ काढायला सांगा, .९९९९९९८३३३ येईल. यंत्र अगदी जवळचे दोन बिंदू घेऊन अंदाज काढतं म्हणून तेवढी तूट, पण तो १ च आहे. डिग्रीमध्ये तेच विचारा: .०१७४५३२९२५. हा आकडा म्हणजे पाय (π) भागिले १८०. साइनचा डेरिव्हेटिव्ह (म्हणजे हा चढ) कॉस हे सूत्र कोन रेडियनमध्ये असतानाच खरं आहे, आणि त्यावर उभी असलेली पुढची सगळी सूत्रंही.

आलेखातही हे डोळ्यांना दिसतं. यंत्र डिग्रीवर असताना साइन एक्सचा आलेख नेहमीच्या चौकटीत, म्हणजे उणे १० ते १० मध्ये काढून पाहा. लाट दिसणार नाही, जवळजवळ आडवी रेघ दिसेल. मुलांना वाटतं समीकरण चुकलं. समीकरण बरोबर आहे. चौकटीत फक्त उणे १० अंश ते १० अंश एवढाच तुकडा आला, आणि १० अंशांचा साइन अवघा ०.१७. इतकी चढण पडद्याच्या एखाद्या ठिपक्यात बसून जाते. झूम मेनूत सातवा पर्याय 'झेड-ट्रिग' आहे, तो मोड पाहून चौकट बेतून देतो, आणि लाट लगेच उभी राहते.

मोड न बदलता एखाद्याच कोनापुरतं काम भागवायचं असेल तर आकड्यापुढे अंशाचं चिन्ह लावा. टीआय-८४ वर ते सेकंड आणि ॲप्सच्या बटणावरच्या 'अँगल' मेनूत आहे. साइन ३०° असं लिहिलं की यंत्र रेडियनवर असलं तरी .५ च येतं. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण माप त्या ओळीतच लिहिलेलं राहतं आणि नंतर तपासताना प्रश्नच उरत नाही.

कॅसिओवर तिसराही पर्याय असतो, ग्रेडियन. त्यात काटकोनाचे १०० भाग करतात. आपल्याला त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, पण सेटअपमध्ये ३, ४, ५ असे डिग्री, रेडियन, ग्रेडियन ओळीनं बसलेले असल्यामुळे बोट चुकून ५ वर पडतं. पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक डी, आर किंवा जी अक्षर असतं. ते जी असेल तर ताबडतोब बाहेर या.

उरलेल्या ओळी भराभर पाहू. फंक्शन, पॅरामेट्रिक, पोलर, सीक्वेन्स या ओळीनं आलेखाचा प्रकार ठरतो. चुकून पॅरामेट्रिक झालं की तुम्ही लिहिलेली समीकरणं 'वाय =' या, समीकरणं लिहायच्या, पडद्यावरून दिसेनाशी होतात. घाबरू नका, पुसली गेलेली नाहीत, फंक्शनवर परत आलात की जागच्या जागी सापडतात. एक्स टाइप करायला गेलात आणि टी किंवा थीटा उमटलं तर ओळखायचं की हीच ओळ बदलली आहे. कनेक्टेड आणि डॉट: जुन्या टीआय-८४ वर टॅनच्या आलेखात मध्येच उभ्या भिंती दिसतात, त्या आलेखाचा भाग नाहीत. यंत्रानं खालचा आणि वरचा ठिपका रेघेनं जोडलेला असतो. डॉट लावलं की जातात. रिअल की संमिश्र संख्या, ही ओळ पुन्हा हिशोब बदलणाऱ्यांपैकी: रिअलवर असताना उणे ४ चं वर्गमूळ मागितलं तर यंत्र चूक दाखवून थांबतं, 'ए अधिक बीआय' निवडलं तर २आय देतं.

हाच कोनांचा घोळ कॅल्क्युलेटरबाहेरही भेटतो. एक्सेलमध्ये साइन ३० लिहिलं की उत्तर उणे ०.९८८ येतं, कारण तिथे कोन रेडियनमध्येच धरतात आणि अंश आधी 'रेडियन्स' फंक्शननं बदलून घ्यावे लागतात. डिजिटल एसएटी परीक्षेत डेसमॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर पडद्यातच दिलेला असतो, त्यात पान्याच्या चित्रामागे ही निवड आहे. गेट परीक्षेच्या पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरलाही डिग्री आणि रेडियन अशी दोन गोल बटणं असतात.

शेवटची गोष्ट परीक्षेच्या दिवसाची. बऱ्याच ठिकाणी परीक्षेआधी कॅल्क्युलेटरची स्मृती पुसायला लावतात, किंवा यंत्र परीक्षा मोडमध्ये टाकायला लावतात. स्मृती पुसली की वर्षभर काळजीनं लावून ठेवलेल्या तुमच्या सगळ्या निवडीही जातात. टीआय-८४ प्लस मूळ अवस्थेत जातं तेव्हा या प्रत्येक ओळीत सर्वात डावीकडचा पर्याय लागतो: नॉर्मल, फ्लोट, रेडियन. कॅसिओ एफएक्स-९९१ईएस मात्र मूळ अवस्थेत डिग्रीवर येतं. म्हणजे दादाचं जुनं कॅसिओ वापरून सवय झालेल्या मुलाच्या हातात टीआय आलं, तर त्याचं यंत्र पुसल्यावर नेमकं उलट्या बाजूला जाऊन बसतं, आणि त्याला पत्ताही नसतो.

पेपर हातात पडायच्या आधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर यंत्र डिग्रीवर आहे, उणे ०.९८८ आलं तर रेडियनवर, आणि ०.४५४ आलं तर ग्रेडियनवर. मग १ भागिले ३ दाबा आणि किती तीन दिसतात ते मोजा. दहा दिसले तर फ्लोट आहे, दोनच दिसले तर कोणीतरी स्थळं बांधून ठेवली आहेत.